सचिवांनी पाहिलेली विहीर

‘सदर विहिरीवर सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र पाणी भरताना आढळल्या.’

हे वाक्य माझं. अक्षरही माझं. कुणी माझा हात धरून ते लिहून घेतलं नाही. मी घाबरलो होतो हे खरं. पण घाबरलेल्या माणसानं लिहिलेलं खोटं खोटंच असतं.

त्या स्त्रियांमधली एक माझी सख्खी आत्या. सचिवसाहेबांची गाडी वळणापलीकडे गेली, धुरळा खाली बसला आणि पाटलांचा थोरला मुलगा कट्ट्यावर चढला. आत्याचा हंडा अर्धाच भरला होता. बादली अजून विहिरीत होती.

“ए, सोड दोर. झालं तुमचं नाटक.”

“हंडा तरी भरू द्या, अण्णा.”

“सोड म्हन्तो न्हवं!”

आत्यानं दोर सोडला. बादली खाली आपटल्याचा आवाज आला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तहसील कचेरीतला कनिष्ठ लिपिक. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. मी फायलीची नाडी सोडली आणि परत बांधली.

त्याच दुपारी ऑइल इंजिन लावून विहीर उपसली. तळ दिसेपर्यंत. मग गोमूत्र शिंपडलं. आमच्या बायांच्या बादल्या त्या पाण्याला लागल्या होत्या ना. आमची वस्ती खालून, ओढ्याच्या काठावरून बघत राहिली. इंजिन दिवस मावळेपर्यंत चालू होतं.

हे झालं कसं, ते सांगतो.

आमचं गाव मुळशीत, पिरंगुटच्या पुढे, सडकेपासून दोन मैल आत. विहीर वरच्या आळीत. आमच्या बौद्ध बायांनी कट्ट्यापासून दहा पावलं लांब हंडे मांडून बसायचं. वरच्या आळीतल्या कुणाला सवड झाली, दया आली, की ती उंचावरून पाणी ओतायची. कधी तास जायचा, कधी अख्खी दुपार. आत्याचे गुडघे गेले होते. एक दिवस ती म्हणाली, “तू सरकारात हाईस न्हवं? मग लिव्ह. सगळ्यात मोटा सायब कोन असंल त्याला लिव्ह.”

मी लिहिलं. खाली तिचा अंगठा. पत्ता मुंबईचा, आमच्या खात्याच्या सचिवांचा.

सचिव म्हणजे काय, हे मी खात्याच्या परीक्षेसाठी पाठ केलं होतं. मंत्री निवडून येतो, सचिव नेमला जातो. मंत्री पडतो, सचिव राहतो. गोऱ्या साहेबाच्या राज्यापासूनची ती खुर्ची. गोरा साहेब गेला, खुर्ची तिथंच. मुंबईतल्या त्या इमारतीवर मंत्रालय अशी पाटी लागली, तरी आमचे जुने कारकून तिला सचिवालयच म्हणायचे. राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने असा जो हुकूम निघतो, त्याखाली सही सचिवांची. मला वाटायचं, इतक्या उंचावर बसलेल्या माणसाला सगळं दिसत असणार.

अर्ज मुंबईला गेला. तिथून आयुक्त, जिल्हाधिकारी, प्रांत असा एकेक पायरी उतरत आमच्याच कचेरीत आला. वर सचिवांचा शेरा होता: ‘रविवारी धरणाकडे जाताना स्वतः पाहीन.’

तहसीलदारांना आम्ही रावसाहेब म्हणायचो. त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर तो अर्ज. शेजारी मी लिहीत असलेलं आवक रजिस्टर. दोन्हींवर एकच अक्षर.

“अक्षर वळणदार आहे तुझं,” रावसाहेब म्हणाले. “सरकारी नोकर सरकारकडेच तक्रारी लिहून देतो. याला काय म्हणतात?”

मी रजिस्टरातल्या माझ्याच अक्षराकडे बघत राहिलो.

“नोकरीत कायम झालास का?”

“नाही, रावसाहेब.”

“मग पाहणी नीट होऊ दे. तुझ्या आत्यालाच उभी कर विहिरीवर. तुझं ऐकेल ती.”

आमच्या घरात महिन्याला पगार आणणारा मी पहिलाच. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या खाचरात भात लावत आले. नोकरी गेली तर मीही त्याच चिखलात. दुसरा विचार डोक्यात शिरलाच नाही.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. “आत्या, रवारी सायब येनार हायेत. इहीर खुली हुनार. पयला दोर तू टाकायचा.”

“खरं म्हन्तोस?”

“व्हय.”

ती हसली. “मंग लग्नातलं लुगडं काडते. सायबाला वाटंल, म्हातारीचंच लगीन हाय आज!”

तिला ते खरं वाटलं. मी वाटू दिलं.

सचिव वाईट माणूस नव्हते. मऊ बोलणारे, घड्याळाकडे बघणारे. कट्ट्यावर आमच्या चार बाया, वरच्या आळीतल्या चार. कुणी कुठं उभं राहायचं, ते तलाठ्यानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. सचिवांनी आत्याला विचारलं, “बाई, रोज इथूनच पाणी भरता ना?”

आत्या खोटं बोलली नाही. “आज भरतुया, सायेब.”

सचिव थांबले. रावसाहेब झटकन पुढे आले. “साहेब, हा आमचा लिपिक त्यांच्यातलाच आहे. यालाच विचारा.”

सचिव माझ्याकडे वळले. “काय हो, काही अडचण आहे इथं?”

एवढा मोठा माणूस मला अहो म्हणत होता. एक शब्द पुरेसा होता. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही, साहेब.”

त्यांनी मान हलवली आणि गाडीत बसले. धरणावरच्या बंगल्यात त्यांचं जेवण तयार होतं.

पाहणीची टिपणी मीच लिहिली. माझ्या वाक्याखाली अव्वल कारकुनाची सही. मग रावसाहेबांची, प्रांतांची आणि तशीच वरवर. दोन महिन्यांनी मुंबईहून उत्तर आलं. तक्रारीत तथ्य नाही, प्रकरण दप्तरी दाखल. तोवर त्या अर्जापायी आत्याला भातलावणीला बोलावणं बंद झालं होतं. तिला वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं, खालच्या ‘राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीपर्यंत.

“राज्यपाल कोन?” तिनं विचारलं.

“राज्यातला सगळ्यात मोटा.”

“त्यो आलता हितं?”

“न्हाई.”

“मंग त्येला कुनी सांगितलं, सगळं बेस हाय म्हनून?”

मी कागदाची घडी घालू लागलो. परातीतले तिचे हात थांबले. तिला कळलं. तिनं मला शिवी दिली नाही. तोंड फिरवून तिनं भाकरी थापायला घेतली, आणि त्या दिवशी मला जेव म्हणाली नाही.

त्या रात्रीपासून माझी झोप गेली. सचिवांना उंचावरून काहीच दिसत नव्हतं. त्यांच्यापर्यंत फक्त माझी ओळ पोचली होती. अख्खं सरकार त्या ओळीवर सह्या करत वर चढलं. मी सगळ्यात खालचा, म्हणून भीत होतो. आणि सगळ्यात खालची ओळ माझ्याच हातात होती.

पावसाळा सरला. वरून विचारणा आली, तालुक्यातल्या पाणवठ्यांची सद्यःस्थिती कळवा. रावसाहेबांनी दारातूनच सांगितलं, “मागचंच उतरवून काढ.”

कागद पुढे ओढला. दोनदा लघवीला जाऊन आलो. वळणदार अक्षराची कोंबडीची पावलं झाली. लिहिलं ते असं: ‘मागील टिपणी खोटी आहे. ती मी लिहिली. पाहणी होताच त्याच दिवशी विहीर उपसण्यात आली, कारण बौद्ध स्त्रियांनी तिचे पाणी भरले होते. मूळ अर्जही मीच लिहून दिला होता.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. एक प्रत आधीच टपालात टाकली, थेट सचिवांच्या नावानं. मग दुसरी रावसाहेबांपुढे ठेवली.

ते वाचता वाचता उभे राहिले. “वेड लागलंय? फाड ते.”

“नाही, रावसाहेब.”

“घरी बसशील.”

“बसेन.”

शूर झालो असं मला त्या क्षणीही वाटलं नाही. नोकरी महिन्याभरात गेली. सचिवांचं उत्तर आलं नाही, त्याची वाटही मी बघितली नाही. मला उत्तर द्यायचं होतं ते दुसरीकडे.

कागद दिला त्याच दिवशी कचेरीतून निघालो तो गाव गाठूनच थांबलो. विहिरीवर पाण्याची वेळ होती. आत्या दहा पावलांवर हंडा घेऊन बसलेली. कट्ट्यावर वरच्या आळीतल्या बाया, शेजारी पाटलांचा थोरला. “आलं बघा सरकार,” तो म्हणाला. बाया हसल्या. माझे पाय मागे वळायला बघत होते. मी आत्यासमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. आवाज फाटला, तरी बोललो.

“आत्या, तुला फसवून त्या दिवशी हितं उभी केली ती मी. सायबाम्होरं न्हाई म्हनलो त्यो मी. खोटं लिवलं ते बी मीच. माजं चुकलं. तुज्या मनात नसंल तर माफ करू नगंस. पन ते खोटं आज मी सही करून खोडून आलोय. पुन्हा कुनी इचारलं तर हेच लिवीन. भ्या वाटंल, तरी लिवीन.”