मोटारीचा खोटा ताप

"लाल चढला! उतरा समदे!"

रिसोड-वाशीम मोटारीतून त्या काळी ज्यांनी प्रवास केला, त्यांच्या कानात ही आरोळी अजून असेल. ड्रायव्हरला सगळे चाचाच म्हणत. मोटार त्याच्याइतकीच म्हातारी. तिच्या रेडिएटरच्या टोपणावर काचेचं एक गोल तापमापक होतं. आतलं पाणी तापलं की त्यातली लाल रेघ वर चढायची, आणि रेघ माथ्याला लागली की चाचानं मोटार थांबवलीच म्हणून समजा.

मी रिसोडच्या दवाखान्यात कंपौंडर. औषधांच्या पेट्या वाशीम स्टेशनावरून आणायला मला सारखं जावं लागे. माझी अर्धी नोकरी त्या मोटारीत गेली आणि उरलेली वाटेतल्या लिंबांखाली. कारण लाल चढला की चाचा टोपणाला बोट लावत नसे. रेघ आपोआप उतरेपर्यंत बिडी ओढत बसे. कोणाची कोर्टाची तारीख चुको नाहीतर कोणाची आगगाडी सुटो!

"चाचा, टोपन खोलून थंडं पानी टाका न," लोक करवादत.

"कायले घाई करून राह्यले? मोटर हाय, बैल नोहे. तापली त जीव घेते."

याचं कारण त्याच्या उजव्या हातावर होतं. तरुणपणी त्यानं तापलेल्या रेडिएटरचं टोपण खोललं आणि उकळतं पाणी उसळून अंगावर आलं. बोटांपासून कोपरापर्यंत कातडी आक्रसून गेली होती. ती गोष्ट तो स्वतः कधी काढत नसे. बाकी बढाया मात्र विचारू नका. म्हणे, "इंजनाचा आवाज आयकून मी सांगतो, पेट्रोल कालचं हाय का आजचं." धादांत थापा! पण सांगायचा असा की ऐकत राहावं. टारगट लोक त्याला भित्रा डायवर म्हणत. तो हसून म्हणे, "मी भेतो म्हनून त तुमी जित्ते हा, लेकहो."

पौषातली एक सकाळ. रिठदला मोटार थांबली तर चौघांनी बाजेवर एक अडलेली बाई आणली. मूल आडवं होतं, सुईणीनं हात टेकले होते. आता वाशीमचा मोठा दवाखाना हाच एक उपाय. उतारू न सांगता खाली उतरले. बाईला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर निजवलं, डोकं उंच, सासूच्या छातीशी टेकवून. चाचा मला म्हणाला, "कंपौंडर, तुमी चाला संगं."

रिठद मागे पडलं, रस्त्यातले खड्डे सुरू झाले, आणि लाल चढला. चाचानं मोटार एका लिंबाखाली थांबवली. या वेळी आरोळी मात्र दिली नाही.

आम्ही थांबलो. रेघ उतरेना. बाई आधी मोठ्यानं कण्हत होती, मग तिचा आवाज बारीक होत गेला. मला त्या बारीक आवाजाचीच जास्त भीती वाटली.

"चाल न रे बाबा! माही सून चालली!" सासू रडत म्हणाली.

"लाल चढला हाय माय. अशीच हानली त इंजन जाम होईन. मंग वाशीम येनारच नाई."

"मंग काय करतं?"

"पानी टाका लागते." चाचानं उजव्या हाताची बाही खाली ओढली. "टोपन खोला लागते."

"मी खोलतो," मी म्हणालो.

तो माझ्यावर खेकसला. "हट! तुमी पान्याचा डबा घ्या अन् माह्या मांगं उभे राहा."

त्यानं हाताला रुमाल गुंडाळला आणि मोटारीपुढे उभा राहिला. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. टोपण फिरलं. मी दोन पावलं मागे सरलो.

काहीच झालं नाही. वाफ नाही, फुसकारा नाही. चाचानं आत बोट घातलं.

"अरे, कोमट हाय!"

मी टोपण तापमापकासकट डब्यातल्या गार पाण्यात बुडवलं. रेघ जागची हलली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दवाखान्यातल्या थर्मामीटरचंही असं होतं. हिसक्यानं रेघ मधेच तुटते आणि वरचा तुकडा तिथंच अडकून बसतो.

"चाचा, मोटारीले ताप नाई! तुमच्या थर्मामीटरलेच ताप आला!"

मग त्यानं मोटार जी हाणली, ती थेट दवाखान्याच्या दारात. बाई वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. चाचा पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला.

चहाच्या दुकानात जाईपर्यंत मात्र गडी मूळपदावर! "मले त लिंबाखालीच समजलं. वास नाई, वाफ नाई, मंग ताप कायचा? खोटा ताप आपल्याले दुरून वळखू येते."

"मग थांबलात काहून?" मी विचारलं.

"तुमची परीक्षा पाहून राह्यलो होतो."

गोष्ट वाढत गेली. केनवडच्या बाजारात एकानं मलाच ती सांगितली, चाचानं नुसत्या वासावरून कसं ओळखलं ते. खरं सांगतो, माझाही त्यावर विश्वास बसला होता.

पुढे काही वर्षांनी त्याच रस्त्यानं चाललो होतो. मोटार नवी, ड्रायव्हर नवा. रिठदला तीच बाई मुलीचं बोट धरून चढली.

"चाचा कुठी हायेत?" तिनं विचारलं.

"गेले. मागच्या उन्हाळ्यात," मी सांगितलं.

तिनं पदर डोळ्यांना लावला. मला फार वाईट वाटलं. तिची समजूत काढावी म्हणून मी म्हणालो, "मोठा जाणकार माणूस. खोटा ताप एका नजरेत ओळखला त्यांनी."

तिनं मान हलवली.

"नाई भाऊ. तुमी त्याइच्या मांगं होते. मी मोटारीच्या समोरच्या काचेतून त्याइच्या तोंडाकडेच पाहून राह्यली होती. टोपन फिरवतानी चाचानं डोये गच्च मिटले होते."