अण्णांनी वॅगन विकली तेव्हा मी प्लास्टरमध्ये होते

माझ्या वडिलांना माझी लाज वाटायची.

आज पहाटे ते गेले. सकाळपासून सगळे लिहितायत, देवमाणूस होते. असतील. बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांचे पंप त्यांनी फुकट दुरुस्त केले, हे खरं आहे.

पण मला आज वॅगनबद्दल लिहायचंय.

ऐंशीच्या दशकातलं बोरिवली. अण्णा सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटारींची कामं घ्यायचे. त्यासाठी त्यांनी एक सेकंडहँड स्टेशन वॅगन घेतली होती. छोटीच गाडी, पुढून इतरांच्या गाडीसारखी. पण छप्पर थेट मागपर्यंत गेलेलं, मागे दोन्ही बाजूंना लांब काचा, आणि मागचं दार वर उघडायचं.

आठवडाभर मोटारी आणि पाइप. रविवारी आई मागचा भाग पुसून घ्यायची, सतरंजी अंथरायची, की आम्ही तिघं, मावशीकडची चौघं आणि जेवणाचे डबे. सगळे आत.

"डिकी नाय ती कसली गाडी?" शेजारचे काका चिडवायचे.

"अख्खी गाडीच डिकी आसा," अण्णा म्हणायचे. तेव्हा त्यांना तिचा अभिमान होता.

मी अकरा वर्षांची असताना माझ्या डाव्या खुब्याला हाडाचा टीबी झाला.

छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर. बसता यायचं नाही. वाकता यायचं नाही. फक्त आडवं.

रिक्षात मावायचे नाही. टॅक्सीत मावायचे नाही.

वॅगनमध्ये मावायचे. मागची सीट पाडली की गादी सरळ बसायची. अण्णा आणि काका मला दुसऱ्या मजल्यावरून उचलून आणायचे आणि फळीसारखी आत सरकवायचे.

चेकअपला तशीच जायचे. आणि चेकअप झालं की अण्णा म्हणायचे, "चल गो बाये, खाडी बघूक जाऊया."

गोराईच्या जेट्टीवर ते गाडी उलटी लावायचे. मागचं दार वर. माझ्या पायाकडून थेट पाणी दिसायचं. टोपल्या घेऊन होडीतून उतरणाऱ्या कोळणी माझ्याशी बोलायच्या. एकीने एकदा विचारलं, "काय गो पोरी, राणी हाईस काय, झोपून फिरतेस?"

मी खूप हसले होते. प्लास्टरच्या आत पोट दुखेपर्यंत.

महिनाभर घरातलं छत बघायचं ते त्या एका दिवसासाठी.

मग एका सोमवारी खाली वॅगन दिसली नाही, असं आई म्हणाली. अण्णांना विचारलं.

"सर्व्हिसिंगला टाकलीय."

चार दिवस सर्व्हिसिंग.

शुक्रवारी खालून हॉर्न ऐकू आला. पोरांचा गलका. मी खाटेवर. शेजारची मंजू हातात पेढा घेऊन धावत आली.

"सुने, तुमची नवीन गाडी! काय झकास आहे यार! अण्णा सगळ्यांना चक्कर मारतायत!"

त्या वर्षांत सगळ्यांच्या तोंडी ती एकच नवीन छोटी गाडी होती. अण्णांनी मी आजारी पडायच्या आधी बुक केली होती. नंबर लागला.

अण्णा वर आले. कपाळाला गंध, नवा शर्ट.

"वॅगन कुठाय?"

"दिली. तिचे पार्ट मिळत नाहीत गं आता. कोण चालवतो तसली गाडी?"

"मी कशी जाणार?"

"बरी झालीस की बसशील ना. पुढच्या सीटवर."

"आणि तोपर्यंत?"

ते किल्ली खिळ्याला अडकवायला गेले.

त्या दिवसापासून मी पेढा खात नाही. लोकांना वाटतं शुगर आहे.

पुढचा चेकअप ओळखीच्या माणसाच्या टेम्पोतून. मागे मोकळ्या हौद्यात गादी, शेजारी आई, माझ्या डोक्यावर तिची छत्री. टेम्पोच्या मागोमाग अण्णांची नवी गाडी. बोरिवली ते दवाखाना, पूर्ण रस्ता मला तिच्या पुढच्या काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता.

त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

आठ महिन्यांनी प्लास्टर निघालं. पाय थोडा आखूड राहिला. पुढच्या सीटवर पहिल्यांदा बसले तेव्हा मी रडले.

अण्णांना वाटलं, आनंदाने.

तशा वॅगन मग दिसेनाशाच झाल्या. काही बेकरीवाल्यांकडे गेल्या, पाव वाहायला. बाकीच्या भंगारात. सगळ्यांना नवीन हवं होतं, मी एकट्या अण्णांना का बोलू, असं स्वतःला खूप वर्षं समजावलं.

मागच्या वर्षी मात्र विचारलंच. आई गेल्यानंतर आम्ही दोघंच जेवत होतो.

"अण्णा, खरं सांगा. पार्ट मिळत नव्हते म्हणून?"

त्यांचा घास हातात राहिला.

"पार्ट मिळायचे," ते म्हणाले. "सिग्नलला लोक काचेतून आत बघायचे. तू आडवी. एकाने हात जोडले. त्याला वाटलं मयत आहे. बिल्डिंगची पोरं पण म्हणायला लागली, मुडद्याची गाडी आली. माका लाज वाटली."

"मी जिवंत होते, अण्णा."

"म्हायत आसा."

मला वाटलं, आता सॉरी म्हणतील. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले,

"अजून राग आसा?"

"आहे."

त्यांनी मान हलवली. "आसाकच होयो," म्हणाले. असायलाच हवा.

आणि माझ्या ताटात भात वाढला.

अण्णा, सगळ्यांसारखं गोड लिहायला बसले होते. जमलं नाही. तुमच्याएवढा जीव मला कोणी लावला नाही, आणि तुमच्याएवढं कोणी दुखावलं नाही.

राग घेऊनच हात जोडते.

सावकाश जा.

– सुनी