मॅडमच्या फोनवरचं ‘कावून’

पाटोद्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप किती इंची, खिळा किती नंबरचा... जे मोजता येतं तेच मी मानते. अंगात येणं, भास, करणी असलं कुणी सांगू लागलं की मी गिऱ्हाईक बघायला उठते. तरीही हे लिहितेय, कारण दोन वर्षं झाली, उलगडा होत नाही.

माझी मुलगी मनीषा इंग्लंडमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. तिच्याकडे एक म्हाताऱ्या इंग्रज नटी होत्या. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. टीव्हीवर त्यांचं पहिलं काम टेलिफोन ऑपरेटरचं — चेहरा नाही, नुसता आवाज. मग एका मालिकेत बरीच वर्षं पोलिसाची बायको. खरी हयात मात्र नाटकात गेली. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायच्या. एका नाटकात म्हणे आई, मुलगी आणि शेजारीण तिन्ही त्याच. पुढे पक्षाघात झाला आणि वाचा गेली. मनीषाने त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता. उजवा हातही उचलत नसे.

त्यांच्या खोलीत फोन होता. अडचणीला असावा म्हणून तो नंबर मनीषाने मला देऊन ठेवलेला.

जानेवारीतली गोष्ट. रात्रपाळी संपली की ती आपल्या दुपारी दीडला फोन करते. त्या दिवशी आला नाही. अडीच... साडेतीन... मी करावा तर मोबाइल नुसता वाजायचा. शेवटी मॅडमच्या खोलीतला नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

“आई, कावून काळजी करतीस? मी बरी हाय. झोपू दे.”

आवाज मनीषाचाच. बोलण्याआधी नाक ओढायची सवयसुद्धा तिचीच. फोन बंद झाला.

“बोलली ना? मग आता चहा टाक,” आमचे हे म्हणाले.

“ती ‘कावून’ म्हणली.”

“मंग? आपण बी म्हणतोच की.”

“ती न्हाई म्हणत.”

‘कावून’ म्हणजे आमच्याकडचं ‘का’. मनीषा पुण्याला नर्सिंगला गेली तेव्हा पोरी या शब्दावर हसल्या. तेव्हापासून ती आमच्याशीही ‘का’ म्हणते, ‘आहे’ म्हणते. सात वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

“एका शब्दावरून पोरगी वळखायला निघाली,” हे म्हणाले. “लई डोकं चालवतीस.”

मी मोबाइल उचलला. मनीषाच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या केरळच्या नर्सला झोपेतून उठवलं आणि दुकानातल्या हिंदीत सांगितलं, “उसके कमरे पे जाओ. अभी के अभी. नहीं खोला तो दरवाजा तोडो.”

दार तोडावंच लागलं. आत गॅसचा हीटर बिघडलेला, खिडकी बंद, मनीषा बेशुद्ध. मोबाइल उशाखाली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर...

म्हणजे फोन उचलणारी ती नव्हती. केअर होम तिथून दोन बसस्टॉप लांब. माझ्या मोबाइलमध्ये तो कॉल अजून आहे, अकरा सेकंदांचा. केअर होममध्ये विचारलं, तर त्या वेळी खोलीत मॅडम एकट्या होत्या. फोन त्यांच्या उजव्या बाजूच्या टेबलावर, रिसीव्हर नीट जागेवर.

बरी झाल्यावर मनीषाला हे सांगितलं. ती म्हणाली, “आई, मी त्यांच्याशी ‘कावून’, ‘हाय’ असं आपल्या घरच्यासारखंच बोलते. अंघोळ घालताना, भरवताना. हसायला कोण बसलंय तिथं?”

म्हणजे मॅडमनी तो शब्द कुठे ऐकला, ते कळलं. तोंडातून निघाला कसा, ते नाही. मला गप्प करायला बोलल्या की सावध करायला, तेही नाही. मनीषाने त्यांना पुष्कळदा विचारलं. त्या छताकडे बघत राहिल्या. मागच्या वर्षी वारल्या, न बोलताच.

मी मनीषाला म्हटलं, आता माझ्याशीही तसंच बोल.

“नको,” ती म्हणाली. “मग मीच आहे हे तुला कळणार कसं?”

दीडला फोन वाजला की हल्ली मी आधी ऐकते. मग बोलते.