सावडीतला माझा दिवस

कांदे लावताना एखादी बाई भराभर हात चालवत पुढे गेली, की हौसाआत्या आपल्या जागेवरूनच ओरडायच्या, "पुढं पळून काय बांधाचा मुका घ्यायचाय का गं? मागं बघ की जरा!" मग ती बाई ओशाळून उठायची आणि सगळ्यांत मागे राहिलेलीच्या वाफ्यात चार ओळी लावून द्यायची. निमोण्यात आमच्या वस्तीवरच्या आठ जणींची सावड होती. आज सगळ्या एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या, असं करत आठही घरांची लागवड उरकायची. आणि त्या सावडीच्या मुकादम म्हणा, पंच म्हणा, नाहीतर पंतप्रधान म्हणा, हौसाआत्याच.

उंच, हाडापेरानं दणकट बाई. डोक्याला नवऱ्याचा जुना टॉवेल गुंडाळलेला, पायात त्याच्याच चपला. सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायची, त्यामुळे आत्यांची उमेदीची वर्षं चालण्यातच गेलेली. "मेंढराचं एक बरं असतंय," त्या म्हणायच्या, "सगळी संगट निघत्यात, संगट पोचत्यात. कुणी पयला नंबर मागत न्हाई."

मी दौंडची. वडील रेल्वेत, राहायला क्वार्टर. लग्नाआधी कांदा मी फक्त पाटीत पाहिलेला. पहिल्या दिवशी चिखलात बसून रोपं लावताना दुपारपर्यंत माझी बोटं सोलली, आणि सगळ्या जणी दुसऱ्या वाफ्यात गेल्या तरी मी पहिल्यातच. रडू यायला लागलं. तेवढ्यात समोरून कुणीतरी माझ्याच ओळीला लागलं. आत्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "दौंडची पोरगी हाय, हितं गाडी लेटच यायची. येऊ दे निवांत." सगळ्या हसल्या, मीही हसले. आईनंतर मी कुणाला जीव लावला असेल तर तो या बाईला, आणि तो त्या वाफ्यात लावला.

माझा मुलगा झाला त्या वर्षी मला उठवत नव्हतं. माझ्या दिवशी या सात जणी आल्या, दिवस मावळायच्या आत रान लावून गेल्या. पुढे मी म्हटलं, "आत्या, माझा एक दिवस तुमच्याकडे फिरतो, तो फेडते." त्यावर केवढ्यानं खेकसल्या! "दिस फिरतोय म्हणं! पोराला पाज आधी."

अशी सात-आठ वर्षं गेली. मग कुठल्याशा बियाणं विकणाऱ्यांनी दौंडकडे कांदालागवडीची स्पर्धा ठेवली. पाच बायांचा गट, ठरलेला वाफा, हातात घड्याळ घेतलेला माणूस. जो गट आधी लावील त्याला साड्या, ढाल आणि स्टेजवर सत्कार. आमच्या वस्तीवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून. आत्यांनी सावडीतल्या चार चपळ बाया निवडल्या, पाचव्या त्या स्वतः. आणि स्पर्धेचा दिवस तोच, जो सावडीत माझा होता.

कॅनॉलच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. आमची त्याच दिवशी होती, हे आत्यांना माझ्याआधी माहीत. आदल्या दिवशी शेजारी बसून रोपं लावताना मी म्हणाले होते, "उद्या जरा लवकर या हं." त्या नुसतं "हं" म्हणाल्या. माझे मालक रांजणगावला फर्स्ट शिफ्टला गेलेले. मी पहाटे उठून पंधरा भाकरी थापल्या, चारीचं पाणी वाफ्यांत घेतलं आणि बांधावर उभी राहिले. नऊ वाजले तरी कुणी नाही. मग मंदा आणि तिची शेजारच्या घरातली म्हातारी चुलतसासू आल्या.

"बाकीच्या कुठंयत गं?" मी विचारलं.

मंदा बघतच राहिली. "तुला म्हाईत न्हाई? त्या तर जीपमधी बसून सक्काळीच गेल्या की!"

आठातल्या तीन संथ बाया मागे उरल्या होत्या, आणि त्यांतली एक मी, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. कान तापले माझे. आम्ही तिघी अंधार पडेपर्यंत लावत होतो. निम्मं रानही झालं नाही. उरलेल्या वाफ्यांतलं पाणी जिरलं, माती कडक झाली. पुढचं पाणी आलं तोवर रोपं जून होऊन गेली होती. त्या वर्षी आमचं निम्मं रान पडीक राहिलं.

दुसऱ्या दिवशी सावडीत पाळी आत्यांची. मी गेले नाही. जिंकलेल्या चौघी गेल्या, त्यांनी दुपारीच लागवड उरकली. माझ्यावाचून त्यांचं काहीसुद्धा अडलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

संध्याकाळी आत्या पेढे घेऊन दारात आल्या. अंगावर बक्षिसाची साडी.

"सुमन, पयला नंबर आला बघ."

"माझ्या पाण्याची पाळी होती, आत्या."

"व्हय. म्हाईत होतं मला." त्या उंबऱ्याशीच टेकल्या. "पर तिथं टाइम लावत्यात गं. तुझ्या हातानं नसतं झालं."

आठ वर्षं माझा हात किती संथ हे या बाईनं एकदाही तोंडावर आणलं नव्हतं. स्पर्धेला मी सरसकट नावं ठेवत नाही. माझी मुलंही शाळेत धावलीत, मी टाळ्या पिटल्यात. पण धावायला निघताना त्यांनी कुणाला बांधावर वाट बघत ठेवलं नव्हतं.

मी विचारलं, "जिंकल्यावर तरी माझी आठवण झाली का?"

"न्हाई झाली. खोटं कशाला बोलू? सुमन, समद्या जिंदगीत माझं नाव कुणी माइकात घेतलं नव्हतं. 'हौसाबाई' म्हणून पुकारलं, तवा मला घरचं-दारचं कायबी सुचंना."

मी पेढा घेतला नाही. त्या वर्षानंतर सावड राहिली नाही. पाच जणींची टोळी झाली, एकरामागे पैसे ठरवून उक्ती कामं घेऊन गावोगाव फिरू लागली. दुसऱ्या वस्तीवरही टोळ्या निघाल्या, आणि कोण आधी रान धरतंय यावरून भांडणं लागली. आत्या वाटेत भेटल्या की "बरी हाईस का?" विचारायच्या. मी "बरी आहे" म्हणायचे आणि चालू लागायचे. पाच वर्षांनी त्या गेल्या. मयतीला मी इतकी रडले की बायांनी मला धरून बाजूला नेलं.

खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होता, आणि एरवी मला त्याचं फार कौतुक. पण त्या संध्याकाळी त्या एकदाच खोटं बोलल्या असत्या, "झाली गं आठवण" एवढंच म्हणाल्या असत्या, तर मला ते खोटं आहे हे कळलं असतं, आणि तरी मी त्यांना हाताला धरून घरात घेतलं असतं.