यादीतून मी काढलेलं औषध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आबांना नाही, ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या चौगुले सरांना तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की सध्या सगळीकडं माझा उदोउदो चाललाय आणि तो मला मनापासून आवडतोय, म्हणून?

हो, आवडतोय. का आवडू नये? आधी आनंदाचंच सांगते.

आमच्या राधानगरीकडं भाताच्या चिखलात अनवाणी राबणाऱ्यांना पायाचा एक आजार होतो. काटा रुततो, त्या वाटेनं बुरशी आत शिरते, पायाला गाठी येतात, आणि त्या फुटून वर्षानुवर्षं वाहत राहतात. औषधं आहेत, पण लागू पडतीलच असं नाही. शेवटी कित्येकांचा पाय कापावा लागतो. त्यावर आम्ही औषध शोधलं — मी आणि सरांनी, शाहूपुरीत एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत बसून! शोधलं म्हणजे नवं बनवलं नाही. आधीपासून वापरात असलेल्या हजारो औषधांची माहिती कॉम्प्युटरला द्यायची, ही बुरशी कशाच्या जोरावर जगते तेही द्यायचं, आणि यातलं कोण तिला मारेल ते विचारायचं. निवृत्त माणसाला दुसरी नोकरी बघून द्यावी, तसं हे काम. कॉम्प्युटर यादी काढतो, सगळ्यात आशेचं नाव वर. पुढं त्या नावांची प्रयोगशाळेत परीक्षा होते, आणि तिथं टिकलं तर ते डॉक्टरांच्या हाती जातं.

आमचं टिकलं. बिद्रीकडचे एक ट्रॅक्टरवाले मामा होते, पाय कापायची तारीख ठरलेली. आठ महिन्यांच्या उपचारानंतर त्यांनी दवाखान्याच्या आवारात त्याच पायानं ट्रॅक्टरच्या टायरला सणसणीत लाथ घातली आणि आख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असे ओरडले, "बघा की ओ म्याडम! दुखतंय व्हय? न्हाय दुखत!" आणि दुसरी घातली. मी हसत होते आणि रडतही होते. तेव्हापासून असे कितीतरी पाय वाचलेत, आणि प्रत्येक वेळी मला गावभर ओरडत सुटावंसं वाटतं.

मग कबुली कसली? — येते, तिकडंच येते.

माझे वडील, आबा, गावच्या जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते. म्हशींना जंताचं औषध पाजायचं असलं की मी त्यांच्या मदतीला. ते बांबूच्या नळीतून घशात औषध ओतायचे, मी दावं आवळून धरायची. निम्मं औषध माझ्या अंगावर सांडायचं. पुढं कोल्हापुरात हॉस्टेलला आले, तर खोलीतल्या मुली मला 'गोठा' म्हणायच्या. मी आत शिरले की खिडकी उघडायच्या. मीही त्यांच्याबरोबर हसायची. काय करणार होते? पण तेव्हाच मनाशी पक्कं केलं, की हा वास पुन्हा कुणाला येऊ द्यायचा नाही.

आणि हा आजार मी निवडला तो आत्तीमुळं. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. माझी आई लवकर गेली, तिनंच मला वाढवलं. तिचा उजवा पाय तेव्हा सहा वर्षं वाहत होता.

पहिली यादी आली त्या दिवशी सर परगावी होते. तिसऱ्या नंबरावर ते नाव होतं. दिल्ली-बंगळुरूच्या माणसाला ते नुसतं एक लांबलचक नाव वाटलं असतं. मला — मला बाटली दिसली. आबांचा हात दिसला, नळी दिसली. उद्या मोठमोठ्या लोकांपुढं उभं राहून मी काय सांगू? माणसाच्या पायावर म्हशीचं औषध? त्याच कुळातलं औषध माणसांनाही देतात, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. तरी मी ती ओळ निवडली आणि काढून टाकली. कारण लिहिलं, 'माहिती अपुरी'. चौथं नाव तिसरं झालं. मग मी खाली जाऊन चहा पिऊन आले.

दोन वर्षं आम्ही उरलेल्या नावांच्या मागं धावलो. एकेक नाव प्रयोगशाळेत आपटत गेलं. त्याच दोन वर्षांत आत्तीचा पाय गुडघ्याखालून कापला. मी उशाशी बसले होते. शुद्धीवर आल्यावर उलट तीच मला म्हणाली, "रडू नगंस. तू हायस की, शोधशील काय तरी." तेव्हा मला ती ओळ आठवली का? — आठवली. मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

पुढं सरच कंटाळून म्हणाले, सगळं पहिल्यापासून चालवू, आणि यादीला कुणी हात लावायचा नाही. ते नाव पुन्हा तिसरं आलं, आणि पुढं प्रयोगशाळेत टिकलं ते तेच. सरांनी विचारलं, "हे पहिल्यांदा कसं आलं नव्हतं गं?" आणि मी म्हणाले, "तेव्हा प्रोग्रॅम कच्चा होता सर. मी सुधारलाय." काहीसुद्धा सुधारलं नव्हतं. प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासून बरोबर होता, त्याला बिचाऱ्याला गोठ्याची लाज नव्हती. त्या न केलेल्या सुधारणेबद्दल सरांनी माझी पाठ थोपटली, आणि आज मी तिच्यावर व्याख्यानं देते.

ओळ ठेवली असती तर आत्तीचा पाय वाचला असता? तपासण्यांना वेळ लागतो, कदाचित नसता वाचला. पण ओळ काढताना मी हा विचार केला नव्हता. मी फक्त माझा विचार केला होता.

गेल्या महिन्यात गावानं सत्कार केला. हलगी, फेटा, सगळं साग्रसंगीत. ओटी भरायला आत्ती लाकडी पायावर, कुणाचाही हात न धरता, स्टेजच्या पायऱ्या चढून आली. नारळ माझ्या पदरात घातला आणि माईक ओढून घेतला. "माझा एक पाय गेला, जाऊ दे. पर माझ्या भाचीनं गावाचं पाय राखलं की!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. त्यांत ज्यांचे पाय वाचले तेही होते, दोन्ही पायांवर उभे. इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. तो खोटा नव्हता. मी आत्तीच्या पाया पडायला वाकले. डावा पाय तिचा होता, उजवा लाकडाचा. मी दोन्हींना हात लावला.

इथवर लिहून झालं आणि कालच हे सगळं सरांना पाठवलं. आत्तीला वाचता येत नाही. रविवारी गावी जाऊन तिला मीच वाचून दाखवणार आहे.