तेर्सानंतरचं बेसांव

गावच्या चर्चची, आमच्या इगर्जीची, संध्याकाळची घंटा वाजली की आमची मांय मागच्या दारात उभी राहून ओरडायची, “येवा रे सगळे, तेर्स म्हणूक!” तेर्स म्हणजे आमची रोजची माळेची प्रार्थना. भाऊ आणि मी तेव्हा खाडीच्या चिखलात कालवं शोधत असायचो. त्या हाकेचा मला भयंकर राग यायचा. खेळ अगदी रंगात यायला आणि हिने बोलवायला एकच गाठ पडायची. एकदा मी म्हटलंच, “देवाक रोज तांच तां आयकान कंटाळो येणा नाय?”

“तुका रोज जेवचो कंटाळो येता?” मांयने विचारलं. मुकाट पाय धुतले आणि घरातल्या क्रुसाच्या आल्तारापुढे गुडघे टेकले.

बाबा पेंगत म्हणायचे आणि मधलेच मणी गिळायचे. चुलीवरच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास नाकात शिरायचा, मग माझं कसलं लक्ष लागतंय! तेर्स संपला की धाकट्यांनी हात जोडून थोरांकडे बेसांव मागायचं, म्हणजे आशीर्वाद. दिवसभर कितीही भांडणं झालेली असोत, मागायचं म्हणजे मागायचंच, आणि थोरांनी डोक्यावर हात ठेवून “देव बरा करो” म्हणायचंच. मी घरातलं शेंडेफळ. सगळ्यांकडे मागत फिरायचे, माझ्याकडे मागणारं कुणीच नव्हतं.

शाळेत सिस्टर सांगायच्या, देव प्रत्येकाला हाक मारतो, कान उघडे ठेवा. मी ते फारच मनावर घेतलं. बारावीनंतर गोव्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर व्हायला गेले. पहाटे उठून कान टवकारून बसायचे. ऐकू यायचे ते कावळे. शेवटी मोठ्या सिस्टरनी जवळ बसवून प्रेमाने सांगितलं, तुझं बोलावणं इथलं दिसत नाही, घरी जा. परतीच्या एसटीत मी सावंतवाडीपर्यंत रडत होते. इथलं नाही तर कुठलं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मग कुडाळला शिक्षिका झाले, लग्न केलं नाही, आणि देव माझ्या बाबतीत विसरभोळा निघाला असं खुशाल म्हणत राहिले.

पुढे बाबा गेले, भाऊ आखातात स्थिरावला. मी निवृत्त होऊन घरी आले, तोवर मांयच विसरायला लागली होती. आमटीत दोनदा मीठ घालायची. घरातच बसून “माका घराक जावचा आसा” म्हणून रडायची. मला ओळखेनाशी झाली. मी थकले होते, खोटं कशाला बोलू? भावाने गोव्यात सिस्टरांच्या वृद्धाश्रमात जागा मिळवली आणि मी हो म्हटलं. तिची बॅग भरली. सकाळी गाडी येणार होती.

त्या संध्याकाळी घंटा वाजली. कामाच्या धबडग्यात आमचा तेर्स कित्येक महिने बंदच पडला होता. पण मांय उठली, भिंतीला धरत मागच्या दारात गेली आणि खाडीकडे तोंड करून ओरडली, “येवा रे सगळे, तेर्स म्हणूक!”

यायला होतं कोण? पिठाचे हात घेऊन, वैतागतच, मी आले.

माझं नाव विसरलेली ही बाई प्रार्थनेचा एक शब्द चुकली नाही. मीच मणी चुकले, तर तिने माझ्या हातातली माळ ओढून मला जागेवर आणलं. तेर्स संपल्यावर मी सवयीने हात जोडायला गेले, तर तीच माझ्यापुढे हात जोडून, मान खाली घालून बसली होती.

“माका बेसांव दी गो, मांय.”

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बेसांव मागत होतं, आणि ती माझी मांय होती. तिच्या विरळ पांढऱ्या केसांवर मी पिठाचा हात ठेवला. “देव बरा करो,” म्हटलं. तिने समाधानाने मान हलवली आणि विचारलं, “जेवूक काय आसा?”

सकाळी मी गाडीवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. मग भावाला फोन केला. तो आधी चिडला, मग नरमला.

“तुका झेपतला गो?” त्याने विचारलं.

“ता माका खंय ठावक,” मी म्हटलं. “पण सांजचा मांय हाक मारतली. तेव्हा घरात कोण तरी होया.”