मालकाच्या नावची पट्टी

आमच्या धाकल्या भावजींवानी दुसऱ्याच्या जागी जाऊन उभा राहणारा माणूस अख्ख्या कन्नड तालुक्यात हुडकून घावायचा नाय. माझ्या मालकाचे हे पाठचे भाऊ. पिशोरच्या माळावर जन्मभर मेंढरं वळली, लग्न केलं नाय, आन् लोकाची कामं अंगावर घेतली. रेशनच्या लाइनीत कुणाच्या बी म्हातारीच्या जागी हेच. शेजारणीला सोमवार झेपंना, तर तिचा उपास चार महिने यांनी धरला. पुतण्याला सासऱ्यानं शिव्या द्यायला बोलावलं तर हे गेले, समद्या शिव्या गुमान ऐकल्या, वर जेवून आले. मी म्हणलं, "भावजी, लाज नाय वाटली?" तर म्हणत्यात, "वैनी, शिव्या त्याच्या होत्या, मटण माझं होतं."

मागल्या साली गावात तपासणी आली. छातीला तारा चिकटवायच्या, मशीनीतून कागदाची पट्टी निघायची, त्या पट्टीचा फोटो मोबाइलात. नर्सबाई म्हणल्या, "हे एआय हाय, आजी. काळीज थकलंय का ते नुसती पट्टी बघून सांगतं, माणसाला कळायच्या आधी." आमच्या मालकाला एकदा मोटारीचा करंट बसलेला, तवापासून तार दिसली की घाम फुटतो. नाव पुकारल्यावर हे खांबाआड. भावजी म्हणले, "दादा, तू बस. मी झोपतो तुझ्या नावावर." आन् झोपले बी.

नर्सबाई बाहेर आल्या, म्हणल्या, काळीज कमजोर दिसतंय, संभाजीनगरला न्या.

आता झोपले कोण, ते आम्हा तिघांना ठाऊक. पण मालक म्हणले, "नाव माझं, वय माझं, आधार माझं. एवढ्या हुशार मशीनीला कळल्याबिगर राहतंय व्हय?" भावजी रडायलाच लागले, "आमचं रगत एक हाय वैनी, माझ्या छातीतून दादाचं दुखणं घावलं तिला." मला बी पटलं. कुणाला काय सांगावं, नर्सबाई रागावतील, म्हणून गप बसलो.

मंग मालकाला अळणी जेवण. उठू द्यायचं नाय, बसू द्यायचं नाय. भावजींनी त्यांना अंघोळीचं पाणी बी उचलू दिलं नाय. मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला, पडद्यावर काळीज उडताना दाखवलं. डॉक्टर म्हणले, "यांना काय बी झालेलं नाय. कम्प्युटर चुकतो कधी कधी." भावजींनी घरी येताना बसमधी समद्यांना पेढे वाटले. वाटता वाटता दम लागला तर म्हणले, "खुशीनं लागतो असा."

दिवाळीनंतर त्यांच्या पायावर सूज आली. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून कडब्याच्या पेंढीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. एक दिवस सकाळी त्यांना तसं बघितलं, आन् माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. मशीन चुकली नव्हती. तिनं बरोबर माणूस धरला होता, आम्हीच तिची पट्टी भलत्याच्या हवाली केली.

डॉक्टरांना समदं सांगितलं. त्यांनी भावजींची छाती तपासली. मंग म्हणले, "तवाच आणलं असतं तर लई फरक पडला असता, आजी." आता गोळ्यांवर किती चालंल ते त्यांना बी सांगता येत नाय. मेंढरं दिली. मालक भावापुढं जेवायला बसत नायत, पाठ फिरवून जेवत्यात. भावजी मला म्हणले, "दादाला सांगा वैनी, बरंच झालं. त्याला सोसलं नसतं." माझ्यानं निरोप सांगवला नाय अजून.

संध्याकाळी मी त्यांना मारुतीपोतर फिरवून आणते. चार पावलात छाती भरून येती, पण थांबा म्हणायची त्यांना लाज. मंग मीच थांबते, "भावजी, जरा दम खाऊ द्या, गुडघं लई दुखत्यात." ते म्हणत्यात, "बसा, बसा वैनी, घाई कुठं हाय." तसं बघितलं तर माझे गुडघे अजून धड हायेत.